नारिता विमानतळावरून टोकियोत कसं जावं? (सोबत आईबाबा, लेक आणि चार बॅगा)

गोदाकाठ | ३ सप्टेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं जपानला निघालोय. मी, आई (७१), बाबा (७६) आणि माझी सात वर्षांची लेक. नवऱ्याची रजा जुळत नाहीये, तो चार दिवसांनी थेट क्योतोला येईल. म्हणजे टोकियोचे तीन दिवस सगळं माझ्या एकटीवर.

विमान मुंबईहून बँकॉकमार्गे आहे. नारिताला सकाळी साडेसहाला उतरतो, टर्मिनल १. हॉटेल असाकुसात, सेन्सो-जी मंदिरापासून चालत सात-आठ मिनिटांवर. तीन रात्री तिथे, मग क्योतो.

आईचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदललाय. सपाट रस्त्यावर ती छान चालते, पण जिना उतरायचा म्हटलं की कठडा घट्ट धरून एकेक पायरी उतरते, आणि गर्दीत कुणाचा धक्का लागेल याची तिला धास्ती वाटते. बाबा ठणठणीत आहेत, मात्र "मी उचलतो बॅग" म्हणून पुढे धावतात आणि नंतर कंबर धरून बसतात. सामान तीन मोठ्या बॅगा आणि एक लहान.

नारिता विमानतळ टोकियो शहरापासून साठ किलोमीटरवर आहे म्हणे. नेटवर वाचून डोकं भणभणलं. कुणी स्कायलायनर म्हणतं, कुणी नारिता एक्सप्रेस, कुणी बस, तर कुणी म्हणतं साध्या लोकलने हजार येनमध्ये जा. पैसे जपूनच खर्च करायचेत, पण पहिल्याच दिवशी आईचे हाल झाले तर पुढची सगळी सहल ती "मी हॉटेलातच थांबते" म्हणत काढेल. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

रेल्वेवेडा | ३ सप्टेंबर, रात्री ९:३२

ताई, डोळे मिटून स्कायलायनर. केइसेई कंपनीची गाडी आहे. २०१० च्या जुलैत नवा मार्ग सुरू झाला तेव्हापासून ती काही टप्प्यात ताशी १६० किमीने धावते. शिनकानसेन (बुलेट ट्रेन) सोडली तर जपानात इतक्या वेगाची गाडी क्वचितच सापडते. टर्मिनल २ पासून टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनपर्यंत ३६ मिनिटं. टर्मिनल १ हे गाडीचं सुरुवातीचं स्टेशन आहे, म्हणून तुम्हाला रिकामी उभी असलेली गाडी मिळेल. सगळ्या जागा आरक्षित, डब्याच्या टोकाला बॅगांसाठी मांडणी, आणि दिवसभर साधारण दर वीस मिनिटांनी गाडी. तिकीट अडीच हजार येनच्या थोडं वर, लेकीला अर्धं.

साधा_प्रवासी | ३ सप्टेंबर, रात्री १०:०५

असाकुसालाच जायचंय ना? मग स्कायलायनरला दुप्पट पैसे कशाला? त्याच रुळांवरून केइसेईचीच अ‍ॅक्सेस एक्सप्रेस धावते. ती पुढे तोएई असाकुसा या भुयारी मार्गावर शिरते आणि थेट असाकुसा स्टेशनात उभी राहते. गाडी बदलणं नाही, आरक्षण नाही. सुइका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड टेकवायचं आणि बसायचं. माणशी तेराशे-चौदाशे येन, तासाभरात असाकुसा. स्कायलायनरने गेलात तर उएनोला उतरून पुढे परत दुसरी गाडी पकडावी लागेल.

मी दोनदा असाच गेलोय. उत्तम पर्याय आहे.

चाफेकळी | ३ सप्टेंबर, रात्री १०:४८

ज्येष्ठ सोबत असतील तर बस, असं माझं स्पष्ट मत. सासूसासऱ्यांना घेऊन गेले होते. आगमन कक्षाच्या बाहेरच थांबा आहे. कर्मचारी बॅगा उचलून खालच्या कप्प्यात ठेवतात, प्रत्येक बॅगेचा बिल्ला हातात देतात आणि उतरताना बिल्ला बघूनच बॅग देतात. एकही जिना नाही. टोकियो स्टेशनला जाणारी स्वस्त बस दीड हजार येनच्या आसपास आहे. मोठ्या हॉटेलांच्या दारात नेणारी लिमोझिन बस तीन हजारांच्या वर जाते.

एकच गोष्ट, रस्ता मोकळा हवा. आमची परतीची बस शुक्रवारी संध्याकाळी कोंडीत सापडली आणि सव्वा तासाच्या रस्त्याला सव्वादोन तास लागले. सासऱ्यांना मधुमेह. मला त्या तासाभरात घाम फुटला होता.

गोदाकाठ | ४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

खूप आभार सगळ्यांचे. साधा_प्रवासी, थेट गाडीचं ऐकून हायसं वाटलं. पण सकाळी त्या गाडीला गर्दी असते का? आम्ही बाहेर पडेपर्यंत पावणेआठ-आठ होतील बहुतेक.

एदोगावाकर | ४ सप्टेंबर, सकाळी ११:२०

गोदाकाठ ताई, तुम्ही नेमका प्रश्न विचारलात. मी सतरा वर्षं टोकियोतल्या निशि-कासाईत राहतो. नातेवाईक, मित्र, मित्रांचे आईवडील, कितीतरी जणांना आणायला नारिताला गेलोय. इतक्या खेपांनंतर सांगतो. "सगळ्यात चांगली गाडी कोणती" हा प्रश्न बाजूला ठेवा. तुम्ही किती वाजता, कोणाला घेऊन आणि कुठल्या दारापर्यंत जाणार, एवढंच बघा. गाडीतला वेळ सगळ्यांनाच दिसतो. स्टेशनात उतरल्यापासून हॉटेलच्या दारापर्यंतचं अर्धा किलोमीटर कुणी मोजत नाही, आणि माणूस दमतो तो तिथे.

आता तुमचंच बघू.

आठच्या सुमाराची अ‍ॅक्सेस एक्सप्रेस. विमानतळावर बसायला जागा मिळेल, कारण गाडी तिथूनच सुटते. पण ती लोकलसारखी आहे, आडव्या लांब बाकांची. बॅगा पायापाशी धरून बसायचं. वाटेत चिबा न्यू टाऊनचा पट्टा लागतो, जिथून हजारो लोक टोकियोत कामाला जातात. इनबा-निहोन-इदाई, चिबा न्यू टाऊन चूओ, मग हिगाशी-मात्सुदो. प्रत्येक स्टेशनावर माणसं चढतात, उतरत कुणी नाही. असाकुसाच्या अलीकडच्या ओशिआगेला पोचाल तेव्हा नऊच्या आसपास वाजले असतील आणि डबा खच्चून भरलेला असेल. त्या गर्दीतून तीन मोठ्या बॅगा, एक लेक आणि नवा गुडघा घेऊन मिनिटभरात असाकुसाला उतरायचं. धक्काबुक्की कुणी करणार नाही, इथले लोक वाट देतात. पण वाट द्यायलाही जागा हवी ना. आणि असाकुसा स्टेशन जुनं आहे, सगळ्या दारांना लिफ्ट नाही. लिफ्टचं दार आधीच नकाशावर शोधून ठेवलं नाही तर जिन्याच्या पायथ्याशी उभं राहावं लागतं.

साधा_प्रवासी यांनी सांगितलेली गाडी चांगलीच आहे. हेच विमान दुपारी उतरत असतं तर मीही तीच सांगितली असती.

माझ्या मते तुम्ही असं करा:

विमानतळावरच बॅगा पाठवून द्या. इथे ताक्क्यूबिन नावाची सोय आहे, घरपोच सामान. आगमन कक्षात खिडक्या आहेत. पिल्लाला तोंडात धरलेल्या काळ्या मांजरीचं चित्र दिसलं की तिथे जायचं. हॉटेलचा पत्ता आणि तारीख द्यायची, बॅगेमागे अडीच-तीन हजार येन भरायचे, संपलं. टोकियोत सहसा दुसऱ्या दिवशी पोचते. पण तुम्ही टोकियोत तीनच रात्री आहात, तेव्हा मोठ्या दोन बॅगा थेट क्योतोच्या हॉटेलवर पाठवा, तुम्ही पोचाल त्या दिवसाची तारीख घालून. हॉटेलला आधी एक ईमेल करून ठेवा, ते सामान स्वीकारून ठेवतात. टोकियोचे तीन दिवस एक मोठी आणि एक लहान बॅग पुरे. याचा दुसरा फायदा म्हणजे, टोकियो-क्योतो शिनकानसेनमध्ये २०२० पासून लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जाणाऱ्या बॅगेला खास जागा आरक्षित करावी लागते. ती कटकटच संपली.

मग हात मोकळे करून स्कायलायनरने उएनो. निप्पोरीला उतरू नका. निप्पोरी यामानोते लाइन (शहराला गोल फेरी घालणारी लोकल) पकडणाऱ्यांसाठी सोयीचं आहे, पण सकाळी तिथला फलाट चिंचोळा वाटतो. केइसेई उएनो हे शेवटचं स्टेशन, गाडी तिथे थांबूनच राहते, आईंना सावकाश उतरता येईल. लिफ्टने वर या आणि टॅक्सी करा. उएनो ते असाकुसा जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. टोकियोत टॅक्सीचं पहिलं भाडं ५०० येन आहे, एवढ्या अंतराला दीड हजाराच्या आत-बाहेर होतील. टॅक्सीत चार प्रवासी बसतात, मागे दोन बॅगा मावतात. चार बॅगा मावत नाहीत, म्हणून तर त्या आधी पाठवायच्या.

हिशेब: स्कायलायनर तीन मोठे आणि एक लहान मिळून नऊ हजार येन. टॅक्सी दीड हजार. दोन बॅगा पाच-सहा हजार. एकूण सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे साधारण नऊ-साडेनऊ हजार रुपये. अ‍ॅक्सेस एक्सप्रेसने पाच हजार येनच्या आत भागलं असतं, हे खरं. पण नारिताहून थेट टॅक्सी केली तर वीस हजार येनच्या पुढे जातात, वर महामार्गाचा टोल.

आणि एक. हॉटेलात खोली दुपारी तीनच्या आधी मिळत नाही. तेव्हा घाई कसली? विमानतळावरच तोंड धुवा, गरम काहीतरी खा, आईंना अर्धा तास बसू द्या. साडेनऊची गाडी धरलीत तरी काही बिघडत नाही.

साधा_प्रवासी | ४ सप्टेंबर, दुपारी १२:०२

एदोगावाकर, पटलं. मी दोन्ही वेळा दुपारी उतरलो होतो, एकटा, पाठीवर एक सॅक. सकाळच्या गर्दीचा विचारच मी केला नव्हता. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

हिरवी_वेलची | ४ सप्टेंबर, दुपारी १:३०

एदोगावाकर, विषय थोडा वेगळा आहे, पण मी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी निशि-कासाईतच येतेय. एकटी, दोन बॅगा. उतरणार दुपारी तीनला. मी काय करू?

एदोगावाकर | ४ सप्टेंबर, दुपारी २:१०

हिरवी_वेलची, स्वागत! तुमच्यासाठी अ‍ॅक्सेस एक्सप्रेसच. निहोम्बाशीला उतरा आणि तिथे तोझाई लाइन पकडा, निशि-फुनाबाशीकडे जाणारी. फक्त रॅपिड गाडीत बसू नका. ती तोयोचोनंतर थेट उरायासूला थांबते आणि निशि-कासाई डोळ्यांदेखत मागे जातं. पाटीवर 'लोकल' बघूनच चढा. आणि साडेपाचच्या आत तोझाईत बसा, संध्याकाळची तोझाई फार भरते.

उतरल्यावर घाबरू नका. स्टेशनाच्या आसपास हिंदी, तमिळ, मराठी सगळं कानावर पडेल. २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आपली माणसं इथे आली आणि रुजली. आपल्याकडचे योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. दळलेलं पीठ, कढीपत्ता, हिंग सगळं मिळतं. मसाल्यांनी बॅग भरू नका, त्या जागेत एक गरम जाकीट आणा.

उरणकर | ४ सप्टेंबर, रात्री ८:४५

एक शंका विचारतो. एवढा प्रगत देश, मग राजधानीचा विमानतळ साठ किलोमीटर लांब का ठेवला? आणि तिथे शिनकानसेन का नाही?

रेल्वेवेडा | ४ सप्टेंबर, रात्री ९:५०

उरणकर, याच्यामागे मोठी आणि दुःखाची गोष्ट आहे.

टोकियोचा जुना विमानतळ हानेदा, समुद्रालगत, शहराला खेटून. साठच्या दशकात तो अपुरा पडायला लागला. १९६६ च्या जुलैत सरकारने नारिताजवळची संरिझुकाची जागा ठरवली. तिथे राजघराण्याचं कुरण होतं, पण आजूबाजूला शेतकरीही होते. त्यातले बरेच जण युद्धानंतर माळरान फोडून वसलेले. त्यांना विश्वासात न घेता निर्णय झाला. मग जो संघर्ष पेटला तो वर्षानुवर्षं चालला. विद्यार्थी शेतकऱ्यांच्या बाजूने उतरले, माणसं मेली, पोलिसही मेले. १९७८ च्या मार्चमध्ये उद्घाटनाला चारच दिवस उरले असताना आंदोलक नियंत्रण मनोऱ्यात घुसले आणि आतली यंत्रं फोडली. शेवटी २० मे १९७८ ला विमानतळ सुरू झाला.

शिनकानसेनचं म्हणाल तर ती ठरली होती. १९७४ साली कामही सुरू झालं, टर्मिनलखाली स्टेशनचा सांगाडा बांधून तयार होता. पण विरोधामुळे मार्ग पुढे सरकलाच नाही आणि बेत सोडून द्यावा लागला. ते भुयारी स्टेशन वर्षानुवर्षं अंधारात पडून राहिलं. तोवर प्रवाशांना केइसेईच्या गाडीतून उतरून टर्मिनलपर्यंत बसने जावं लागायचं. ते जुनं स्टेशन अजून आहे, हिगाशी-नारिता, आता जवळपास निर्मनुष्य. १९९१ साली शिनकानसेनसाठी खणलेल्या त्याच बोगद्यात जेआर (जपान रेल्वे) आणि केइसेई दोघांच्या गाड्या आणल्या. दोन रुळांची जागा होती, एकेक रूळ दोघांनी वाटून घेतला. म्हणून आजही विमानतळाजवळच्या शेवटच्या टप्प्यात दोन्ही मार्ग एकेरी आहेत आणि समोरच्या गाडीसाठी थांबावं लागतं. तुम्ही स्कायलायनरमध्ये बसाल आणि गाडी सुरुवातीला मध्येच थबकेल, तेव्हा त्यामागे हे कारण असतं.

उरणकर | ४ सप्टेंबर, रात्री १०:३०

रेल्वेवेडा, मनापासून आभार. वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

आमच्याकडे नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याला आंदोलन झालं. दि. बा. पाटील साहेबांचं नेतृत्व. गोळीबारात पाच जण गेले. माझे वडील त्या गर्दीत होते. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. विमानतळ म्हटलं की लोक विमानं बघतात, मला आधी तिथली भातशेती दिसते. नारितालाही तशीच माणसं होती हे आज कळलं. धाग्याचा विषय सोडून बोललो, क्षमस्व.

गोदाकाठ | ५ सप्टेंबर, सकाळी ६:५०

उरणकर, क्षमा कसली. बाबांना वाचून दाखवलं. ते इगतपुरीकडचे, आमचं भाताचंच शेत. धरणात काही गेलंय. ते काहीच बोलले नाहीत, फक्त "अजून कोण काय म्हणतंय ते वाच" म्हणाले.

पुणे_ते_कुठेही | ५ सप्टेंबर, सकाळी १०:१५

नारिता एक्सप्रेसचं कुणीच सांगितलं नाही, म्हणून लिहितो. असाकुसाला ती उपयोगाची नाही. पण शिंजुकू, शिबुया, शिनागावा किंवा योकोहामाकडे हॉटेल असेल तर तीच. जेआरची गाडी, साधारण अर्ध्या तासाला एक, टोकियो स्टेशन तासाभरात, तीन हजारांच्या थोडं वर. बॅगांच्या मांडणीला आकड्यांचं कुलूप असतं, झोप लागली तरी चिंता नाही. परदेशी पासपोर्ट असेल तर येण्याजाण्याचं एकत्र तिकीट बरंच स्वस्त पडतं.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. गाडी टोकियो स्टेशनात दोन भागांत तुटते. काही गाड्यांचा एक भाग शिंजुकूकडे, दुसरा योकोहामाकडे जातो. तिकिटावरचा डबा क्रमांक बघूनच बसा. आणि ती टोकियो स्टेशनच्या पाचव्या तळघरात थांबते. तिथून शिनकानसेनच्या फलाटापर्यंत सरकत्या जिन्यांवरून सामान घेऊन दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. थेट क्योतोला जाणाऱ्यांनी शिनागावाला उतरून गाडी बदलावी, तिथे चालणं कमी.

जेआर पास (ठरावीक दिवस जेआरच्या गाड्यांनी फिरायचा पास) फक्त या प्रवासासाठी सुरू करू नका. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सात दिवसांचा पास ५०,००० येन झालाय. तो केइसेईच्या गाड्यांना चालतही नाही.

कोकणकडा | ५ सप्टेंबर, दुपारी ४:४०

विद्यार्थ्यांसाठी: केइसेईची जुनी मुख्य लाइन, मर्यादित थांब्यांची गाडी, निप्पोरी किंवा उएनोपर्यंत हजार-अकराशे येन, सव्वा तासाच्या वर. मी दोन वर्षं तशीच ये-जा केली. फक्त विमानतळावर मुख्य लाइन आणि अ‍ॅक्सेस एक्सप्रेस यांच्या पाट्या नीट वाचा, दोघांचे मार्ग आणि भाडी वेगळी आहेत.

रातराणी | ६ सप्टेंबर, रात्री ११:२०

आमचं विमान रात्री सव्वादहाला उतरतंय, टर्मिनल ३. काय करावं?

एदोगावाकर | ७ सप्टेंबर, सकाळी ८:०५

रातराणी, टर्मिनल ३ ला स्वतःचं स्टेशन नाही. टर्मिनल २ पर्यंत चालत किंवा फुकट बसने यावं लागतं, त्याला वेळ धरा. नारिता एक्सप्रेस पावणेदहाच्या सुमारास संपते. स्कायलायनर अकराच्या पुढेही असते, पण इमिग्रेशन आणि बॅगा धरून तुम्हाला ती मिळेलच असं नाही. मिळाली तरी उएनोला मध्यरात्र, आणि पुढच्या लोकल बंद व्हायला लागलेल्या. लहान मूल किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर त्या रात्री नारितातच मुक्काम करा. गावातली बरीच हॉटेलं विमानतळावरून फुकट बस सोडतात, शेवटची बस किती वाजता ते आधी विचारून घ्या. एकटे असाल तर टर्मिनल २ च्या वाहनतळाच्या इमारतीत कॅप्सूल हॉटेल आहे. सकाळी ताजेतवाने होऊन निघा.

गोदाकाठ | २९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मंडळी, आलो परत. धाग्यावर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

विमान वेळेवर उतरलं. आईसाठी मी विमान कंपनीकडे व्हीलचेअर सांगून ठेवली होती आणि तिला ते सांगितलं नव्हतं. दारात खुर्ची बघून ती इतकी रागावली की बोलेचना. "मी काय लुळी आहे का?" मग तिथली मुलगी वाकून नमस्कार करून नुसती उभी राहिली, हसत. घाई नाही, आग्रह नाही. दोन मिनिटांनी आई स्वतःच बसली. इमिग्रेशनची रांग नागमोडी, शेकडो माणसं. खुर्चीमुळे आम्हाला बाजूच्या खिडकीकडे नेलं. एरवी ती तासभर उभी राहिली असती. ज्यांना ज्यांना संकोच वाटतो त्यांना सांगते, खुर्ची सांगून ठेवा. घरी वाद झाला तरी चालेल.

काळ्या मांजरीची खिडकी लेकीने शोधली. दोन बॅगा क्योतोला. फॉर्म भरायला मदत केली त्यांनी, हॉटेलचा पत्ता मी जपानीत छापून नेला होता तो फार कामी आला. आईची औषधं, एक शाल, सगळ्यांचे दोन-दोन जोड कपडे हाताशी ठेवले. मग खाली जाऊन गरम उदोन खाल्लं (मासा चालत नसेल त्यांनी विचारून घ्या, रश्श्यात असतोच). पावणेनऊ झाले होते. अ‍ॅक्सेस एक्सप्रेसचा मोह झाला, खरं सांगते, समोरच पाटी होती आणि चार हजार येन वाचत होते. पण आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि स्कायलायनरची तिकिटं काढली.

गाडी सुटली आणि रेल्वेवेडा म्हणाले तशी लगेचच हळू झाली. मी बाबांना एकेरी रुळाचं सांगितलं. ते खिडकीला नाक लावून बसले होते. थोड्या वेळाने एक मोठं पाणी लागलं, इनबाचं तळं, आणि दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. कापणी कधीच झालेली, पण बुडख्यांना पुन्हा हिरवे फुटवे आले होते. बाबा म्हणाले, "आपल्यासारखंच आहे गं. फक्त बांध सरळ आहेत." मग बराच वेळाने, "ती माणसं लढली ती याच मातीसाठी." उरणकर, तुम्हाला हे कळवायचं होतं.

उएनोला सगळे उतरून गेल्यावर आम्ही सावकाश उतरलो. लिफ्ट शोधायला एक वळसा पडला, पण पाट्या इंग्रजीतही आहेत. टॅक्सीचं दार आपोआप उघडलं तेव्हा लेकीने टाळ्या वाजवल्या. चौदाशे येन झाले. पावणेअकराला हॉटेलच्या दारात होतो. बॅगा तिथे ठेवून घेतल्या आणि आई म्हणाली, "खोली तीनला मिळणार ना? मग देवळात जाऊन येऊ." चालत गेली ती. सबंध सहलीत एकदाही हॉटेलात थांबते म्हणाली नाही.

एक दुरुस्ती पुढच्यांसाठी. क्योतोच्या हॉटेलला मी ईमेल केला होता, पण आरक्षण नवऱ्याच्या नावावर आणि बॅगांवर माझं नाव. दोन फोन करावे लागले तेव्हा जुळलं. बॅगेच्या चिठ्ठीवर ज्याच्या नावे आरक्षण आहे त्याचंच नाव घाला, आणि पोचण्याची तारीखही लिहा.

एदोगावाकर | २९ नोव्हेंबर, रात्री ९:५५

वाचून फार समाधान वाटलं ताई. नावाची सूचना महत्त्वाची आहे, मी पुढे सगळ्यांना सांगेन. परत जाताना काय केलंत? सामान उलट पाठवायचं तर विमानाच्या दोन दिवस आधी द्यावं लागतं.

गोदाकाठ | ३० नोव्हेंबर, सकाळी ७:००

परतताना नवरा होता, दोन हात जास्त, म्हणून काही पाठवलं नाही. शेवटची रात्र मुद्दाम उएनोला काढली. सकाळी स्टेशनपर्यंत चालत, तिथून स्कायलायनर. तेवढ्या रस्त्यात लहान बॅग आईनेच ओढली. कुणालाही हात लावू दिला नाही.